उंच कमानीचं पाऊल, म्हणजे एक पाय लांब असलेली तिवई

आंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून गेलं की मागे पावलं उमटत. लहानपणी आमचा तो खेळच होता, कुठलं पाऊल कुणाचं ते ओळखायचं. माझं ओळखायला कुणालाच वेळ लागायचा नाही. मागे टाचेचा गोल, पुढे चवड्याचा आडवा पट्टा, त्याच्यापुढे पाच ठिपके आणि मधे नुसती कोरडी फरशी. आत्याचंही पाऊल तसंच. "या दोघींचे पाय जमिनीला लागतच नाहीत," असं आजी म्हणायची. त्यात थोडं कौतुक असायचं, थोडा टोमणा. त्या कोरड्या जागेचा दुखण्याशी काही संबंध असतो हे समजायला मात्र माझा उजवा घोटा तीनदा मुरगळावा लागला.

सपाट पाय म्हणजे काय ते आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. सैन्यभरतीत कुणाचा तरी मामा नाहीतर चुलतभाऊ त्यापायी परत आलेला असतो. याच्या उलट पायाचं मात्र नाव निघत नाही. खरं तर सैन्याच्या वैद्यकीय निकषांत उंच कमानीचाही उल्लेख आहे. कमान थोडी उंच आहे, त्यामागे काही आजार नाही आणि हालचालीला अडथळा नाही, तर उमेदवार चालतो. मध्यम किंवा जास्त उंच असेल, किंवा एखाद्या आजारामुळे झाली असेल, तर नापास. या एका नियमात विषयाचा गाभा आलाय. कमान किती उंच आहे यापेक्षा ती का उंच आहे आणि तिच्यामुळे पाय अडतो का, हे जास्त महत्त्वाचं.

आता ही कमान मुळात कशासाठी असते ते बघू.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. एवढ्याशा जागेत इतके तुकडे असण्याचं कारण असं की पावलाला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. टाच जमिनीला टेकते तेव्हा ते मऊ, सैल व्हायला हवं, म्हणजे धक्का जिरतो आणि खडबडीत जमिनीशी जुळवून घेता येतं. पुढच्या क्षणी चवड्यावर भार देऊन शरीर पुढे ढकलायचं असतं, तेव्हा तेच पाऊल कडक व्हायला हवं. सैल आणि कडक होण्याचा हा खेळ कमानीमुळे जमतो. तळव्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. कमान म्हणजे धनुष्य धरलं तर हा पट्टा त्याची दोरी. चालताना टाच उचलली की बोटं वर वाकतात, हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो आणि कमान ताठ उभी राहते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये ही यंत्रणा समजावून सांगताना तिला जे इंग्रजी नाव दिलं, त्याचा अर्थ आपल्या विहिरीवरचा रहाट. दोर गुंडाळला की बादली वर. बसल्या जागी पायाचा अंगठा हातानं वर ओढून बघा, तळव्याची कमान वर सरकताना दिसेल.

उंच कमानीच्या पायात हा रहाट कायमचा अर्धा गुंडाळलेला असतो. पाऊल कडक व्हायचं काम चोख करतं, सैल व्हायचं मात्र विसरतं. कुठल्याही पावलाखाली जाणारा भार तोच, पण इथे जमिनीला टेकणारी जागा कमी. मधला तळवा हवेत, त्यामुळे सगळं वजन टाच आणि चवडा दोघांत वाटून घेतात. म्हणून टाच दुखते, चवड्याखाली घट्टे पडतात, कधी भोवरी होते.

घोटा का मुरगळतो, याचं उत्तर यात नाही. त्यासाठी तिवईकडे जावं लागतं.

पाऊल तीन ठिकाणी टेकतं असं समजा: टाच, अंगठ्याखालचा चवडा आणि करंगळीखालचा चवडा. तीन पायांची तिवई. बऱ्याच उंच कमानीच्या पायांमध्ये अंगठ्याच्या रेषेतलं लांब हाड इतरांपेक्षा खाली झुकलेलं असतं. म्हणजे तिवईचा एक पाय लांब झाला. अशी तिवई जमिनीवर ठेवली की काय होईल? ती लांब पायाच्या उलट बाजूला कलेल. पाऊलही तसंच करंगळीच्या बाजूला, बाहेर कलतं, आणि टाच आतल्या बाजूला तिरपी होते. घोटा आधीच मुरगळायच्या वाटेवर अर्धा पोचलेला असतो. मग रस्त्यावरचा एक खडा किंवा पेव्हर ब्लॉकची एक उचललेली कड पुरते. भार बाहेरच्या कडेवर राहत असल्यानं करंगळीच्या रेषेतल्या हाडाला बारीक तडा जाणं, घोट्याच्या बाहेरून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज येणं, हेही याच पायांना जास्त. उंच कमानीचे 20 आणि सपाट पायांचे 20 धावपटू घेऊन 2001 मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली होती. उंच कमानवाल्यांच्या दुखापती घोट्याच्या, हाडांच्या आणि पायाच्या बाहेरच्या बाजूच्या जास्त निघाल्या. सपाट पायवाल्यांच्या आतल्या बाजूच्या, गुडघ्याच्या आणि मऊ भागांच्या.

माझ्या तीन मुरगळण्यांचा हिशोब हे वाचल्यावर लागला. तोवर मी स्वतःला वेंधळी समजत होते.

कमान उंच का होते?

बऱ्याच जणांची ती जन्मजात ठेवण असते. आईची किंवा वडिलांची कमान उंच, म्हणून मुलांची. दोन्ही पाय सारखे, वर्षानुवर्षं तसेच, फारसा त्रास नाही. अशांनी काळजी करायचं कारण नाही.

पण काही जणांत उंच कमान हे मज्जातंतूंच्या आजाराचं पहिलं दिसणारं लक्षण असतं. पावलाला चारही बाजूंनी स्नायू ओढत असतात, एक अखंड रस्सीखेच चालू असते. कुणीच जिंकत नाही म्हणून पाऊल सरळ राहतं. मज्जातंतू कमजोर होऊ लागले की सगळे स्नायू एकदम ढिले पडत नाहीत, काही आधी दमतात. पाऊल वर उचलणारा आणि बाहेर वळवणारा असे दोघे आधी थकले, की त्यांच्यासमोरचे गडी जिंकायला लागतात. एक अंगठ्याचं हाड खाली ओढतो, दुसरा टाच आत वळवतो. पावलातले बारीक स्नायूही वाळतात आणि बोटं पंजासारखी आकडतात. बोटं आकडली की रहाट आणखी गुंडाळला जातो, कमान आणखी वर.

या गटातला सगळ्यात नेहमीचा आजार म्हणजे शार्को-मारी-टूथ. नाव विचित्र वाटतं, पण ती तीन डॉक्टरांची आडनावं आहेत. पॅरिसचे जाँ-मार्टिन शार्को आणि पिएर मारी, आणि इंग्लंडचे हॉवर्ड टूथ. तिघांनी 1886 मध्ये याचं वर्णन केलं. साधारण 2,500 माणसांमागे एकाला हा असतो असं धरतात, म्हणजे म्हणावा तितका दुर्मिळ नाही. बहुतेक प्रकारांत आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. हळूहळू वाढतो. गुडघ्याखालचे पाय बारीक होतात, पाऊल उचलताना लोंबतं, पायरीला अडखळायला होतं, चप्पल पायातून निसटते. आयुष्य सहसा कमी करत नाही, पण चालणं अवघड करू शकतो. याचं निदान असलेल्यांनी एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरांना आवर्जून सांगायची असते: कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं व्हिनक्रिस्टिन हे औषध या रुग्णांचे मज्जातंतू झपाट्यानं बिघडवू शकतं.

आपल्याकडे आणखी एक कारण दिसतं, पोलिओ. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण लहानपणी पोलिओ झालेली पिढी आज चाळिशी-साठीत आहे, आणि त्यातल्या काहींच्या एका पायाची कमान त्यामुळे उंच आहे. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर होणारा परिणाम), मणक्यातले जन्मजात दोष, जुना फ्रॅक्चर वेडावाकडा जुळणं ही इतर कारणं. खूप वर्षांच्या मधुमेहातही पावलातले बारीक स्नायू वाळून बोटं आकडतात. तिथे तर पायाला संवेदनाही कमी असते, म्हणजे घट्ट्याखाली जखम झाली तरी कळत नाही.

मग कुणी घाबरायचं? कमान अलीकडेच उंच व्हायला लागली असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा एकाच पायाची असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबातच नाही. तान्ह्या, रांगत्या मुलांचे पाय गुबगुबीत आणि सपाटच दिसतात, कमान पुढे काही वर्षांत तयार होते. तेव्हा छोट्या मुलाच्या एका पायाची कमान एकदम उंच दिसायला लागली, कमरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका किंवा खळी असली, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर प्रश्न पायाचा नसून पाठीच्या कण्यातला असू शकतो. अशा वेळी मणक्याचा एमआरआय सांगितला तर "पाय दुखतोय आणि फोटो पाठीचा कसला?" असं म्हणून वैतागू नये.

घरच्या घरी काय बघता येतं

ओल्या पावलाची खूण ही झाली पहिली पायरी. ती आकार सांगते, पाऊल किती लवचीक आहे ते सांगत नाही. दुसरी पायरी म्हणजे जुन्या चपला. टाचेची मागची, किंचित बाहेरची कड झिजणं हे जवळपास सगळ्यांचं असतं, कारण पाऊल तिथेच पहिल्यांदा टेकतं. टाचेपासून करंगळीपर्यंत सगळी बाहेरची कड झिजलेली असेल तर पाय बाहेर कलतोय. तिसरी पायरी फोटोची. पाय सरळ ठेवून उभं राहायचं आणि कुणाला तरी समोरून, जमिनीलगत मोबाईल धरून फोटो काढायला सांगायचं. घोट्याच्या आतल्या बाजूनं टाच डोकावताना दिसली तर ती आत वळलेली आहे. एरवी समोरून ती दिसत नाही.

तपासताना डॉक्टर एक साधी पण मोठी हुशारीची चाचणी करतात. लाकडी ठोकळ्यावर टाच आणि करंगळीची बाजू ठेवायला सांगतात, अंगठ्याखालचा चवडा ठोकळ्याच्या बाहेर, खाली लोंबता. आपल्या भाषेत, तिवईचे दोन पाय पाटावर आणि लांब पाय पाटाखाली. आता मागून बघायचं. टाच सरळ झाली, तर दोष पुढच्या हाडाचा आहे, टाच अजून लवचीक आहे आणि इनसोलनं, म्हणजे बुटात घालायच्या गादीनं, बरंच काम होण्यासारखं आहे. टाच तरीही तिरपीच राहिली, तर ती ताठरलीय, आणि मग उपायही वेगळे.

बूट, चपला आणि चुकीचा इनसोल

दुसऱ्यांदा पाय मुरगळल्यावर मी एका दुकानात गेले. तिथल्या मुलानं पाय मशीनवर ठेवायला लावून रंगीत चित्र काढलं आणि आतून उंच, टणक कमान असलेला इनसोल दिला. "कमानीला सपोर्ट मिळेल," म्हणाला. ऐकायला बरोबरच वाटलं. पंधरा दिवसांत घोटा तिसऱ्यांदा गेला.

बाजारातले बरेच तयार इनसोल आणि 'स्टेबिलिटी' म्हणून विकले जाणारे बूट सपाट पायांसाठी बनवलेले असतात. आत कोसळणारं पाऊल ते आतून वर उचलतात. उंच कमानीचा पाय आधीच बाहेर कललेला, त्याला आतून आणखी उचललं की तो आणखी बाहेर जातो. आपल्याला हवं असतं ते पाटासारखं: करंगळीच्या बाजूला थोडा उंचवटा, अंगठ्याखालच्या चवड्यापाशी खळगा, आणि मधल्या तळव्याला अलगद टेकणारा मऊ भराव, म्हणजे भार वाटला जाईल पण पाय ढकलला जाणार नाही. असा इनसोल पायाचं माप घेऊन बनवावा लागतो. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत अशी साधनं बनवून मिळतात. इतरत्र हाडांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे अशी साधनं बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नये.

मापाच्या इनसोलचा फायदा खरंच होतो का? सिडनीत दुखणाऱ्या उंच कमानीच्या 154 जणांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना मापाचा इनसोल, निम्म्यांना तसाच दिसणारा साधा. तीन महिन्यांनी दुखणं दोन्ही गटांत कमी झालं होतं, मापाच्या गटात जास्त. मला यातला दुसऱ्या गटाचा निकालही तितकाच बोलका वाटतो. पैशांची अडचण असेल तर नुसत्या मऊ, सपाट इनसोलनंही सुरुवात करायला हरकत नाही.

आणि ते रंगीत चित्र? अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीनमध्ये हजारो नव्या भरतींना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले. दुखापतींत फारसा फरक पडला नाही. तेव्हा मशीनपेक्षा पायाला काय वाटतं ते ऐकावं. बूट संध्याकाळी घ्यावा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. तळ जाड आणि मऊ, टाचेचा पाया रुंद, बोटांवर भरपूर उंची, कारण आकडलेल्या बोटांचे सांधे वर घासतात. पावलाचा वरचा उंचवटा लेसखाली दुखत असेल तर त्या जागेची फुली टाळून लेस सरळ वर न्यावी. घोटा वारंवार मुरगळत असेल तर घोट्यापर्यंतचे बूट.

कोल्हापुरीबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण तिचा तळ सपाट आणि टणक, गादी अशी नाहीच, आणि माझ्यासारख्यांच्या उंच पावलावर तिचा पट्टा लाल वळ उठवतो. लग्नकार्यापुरती घालावी, बाजारहाटाला नको. उंच टाचांचं गणित वेगळं. या पायांच्या पोटऱ्या बहुतेक वेळा आखडलेल्या असतात, त्यामुळे थोडी टाच घातली की बरं वाटतं, ते खरंच आहे. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चालेल. त्यावर गेलं की सगळा भार चवड्यावर येतो, आणि तिथे आधीच गर्दी आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घरातच होतं असं माझं मत आहे. आपण घरात अनवाणी वावरतो, फरशी दगडाची नाहीतर टाइल्सची, आणि ओट्यासमोर सलग दोन-दोन तास उभं राहणं चालतं. घरात घालायची वेगळी, मऊ आणि मागून पट्टा असलेली चप्पल ठेवा. बाहेरच्या चपला घरात नकोत हा आजीचा नियमही त्यानं मोडत नाही. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर एमसीआरच्या चपला मिळतात. तो मऊ रबराचा तळ अशाच पायांसाठी असतो. अशांनी घट्टे ब्लेडनं खरवडणं आणि भोवरीवर औषधी पट्ट्या लावणं पूर्णपणे टाळावं.

व्यायामानं कमान खाली येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर महिनाभरानं लोक ओलं पाऊल उमटवून बघतात आणि निराश होतात. व्यायाम आजूबाजूच्या गोष्टींसाठी असतो. उकिडवं बसताना टाचा टेकत नसतील तर पोटऱ्या आखडल्यात. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. सकाळी पहिलं पाऊल टाकायच्या आधी अंथरुणातच बोटं हातानं मागे ओढून दहा सेकंद धरायची, दहा वेळा. टाचदुखीत याचा चांगला उपयोग होतो. घोटा सांभाळणारे बाहेरच्या बाजूचे स्नायू रबरी पट्ट्यानं बळकट करता येतात, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं. आणि दात घासताना एका पायावर उभं राहायचं, बेसिन हाताशी असतंच. मला सगळ्यात जास्त फरक यानं पडला. जुनं लाटणं तळव्याखाली फिरवायला छान वाटतं. ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये एवढंच.

शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवर येते: पाय वाढत्या प्रमाणात वाकडा होतोय, घोटा सतत जातोय, इनसोलनं भागत नाही. तळव्याचा पट्टा सैल करतात, अंगठ्याच्या रेषेतलं हाड कापून वर उचलतात, टाचेचं हाड कापून सरळ बसवतात, जिंकणाऱ्या स्नायूची दोरी हरणाऱ्याच्या बाजूला नेऊन जोडतात. रस्सीखेचीतला एक गडीच फोडून दुसऱ्या संघात घातल्यासारखं. पाऊल लवचीक असताना हे केलं तर सांधे वाचतात. ताठरल्यावर मात्र सांधे कायमचे जुळवून टाकावे लागतात. म्हणून वाढत जाणाऱ्या दोषात वर्षानुवर्षं थांबून राहणं महागात पडतं.

डॉक्टरांकडे जाताना रोजच्या वापरातले जुने, झिजलेले बूट-चपला पिशवीत घालून न्या. घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत का, हे आधी विचारून ठेवा. जमलं तर त्या नातेवाइकालाच सोबत न्या. मी आत्याला घेऊन गेले होते. डॉक्टरांनी माझ्याआधी तिचेच पाय तपासले, पोटऱ्या दाबून बघितल्या, दोघींना टाचांवर चालायला लावलं. चप्पल कधी नकळत पायातून निसटते का, असंही विचारलं. दोघींचं उत्तर 'नाही' आलं, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले आणि इनसोलची चिठ्ठी लिहायला घेतली.